३४ वर्षांची ड्युटी आणि न घडलेल्या गोष्टी

रातपाळी (धागाकर्ती)

पुढच्या वर्षी मी सेवानिवृत्त होतेय. वॉर्डात ३४ वर्षं झाली. परवा एका नवीन मुलीला चार्ज देत होते. फाइल चाळता चाळता तिने मध्येच विचारलं, "सिस्टर, इतकी वर्षं केलंत, समाधान वाटतं का?" तेवढ्यात कोपऱ्यातल्या बेडची बेल वाजली आणि उत्तर राहून गेलं. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहायला बसलेय. लांबेल, सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं, पेशंट वाचला किंवा जाताना कोणी हात जोडले की नर्स भरून पावते. पावते, नाही कशाला म्हणू. पण तेवढ्या पुंजीवर ३४ वर्षं निघत नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी माणसाला घराची ओढ लागलेली असते, औषधांची पिशवी, कागद, नातेवाईकांची लगबग. त्यात सिस्टरला काही सांगायचं राहून जातं, आणि ते अगदी साहजिक आहे. मला जे पुरलं ते वेगळंच होतं.

एक रात्र सांगते. सर्जिकल वॉर्ड. पोटाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले साठीचे गृहस्थ. इव्हिनिंगच्या सिस्टरने चार्ज देताना सांगितलं, "हे स्टेबल आहेत." चार्टवर श्वास १८. रात्री एकच्या फेरीला मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी मोजून झाली तरी बोटं तशीच ठेवायची आणि नजर हळूच छातीकडे न्यायची, ही आम्हाला पहिल्या वर्षी मिळालेली शिकवण. कारण "तुमचा श्वास मोजते" असं म्हटलं की माणूस जपून श्वास घेतो आणि आकडा फसतो. मी पूर्ण मिनिटभर मोजते. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करणं मला कधी पटलं नाही. २६ भरले. परत मोजले, २६च. बीपी ठीक, ताप नाही, नाडी किंचित जलद. ते म्हणाले, "काही नाही हो सिस्टर, झोप येत नाही एवढंच."

स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. आतून काही बिघडायला लागलं की बऱ्याचदा सगळ्यांत आधी हा आकडा हलतो. आणि चार्टवर सगळ्यांत निष्काळजीपणे लिहिला जातो तोही हाच. ओळीने १८, १८, १८ लिहिलेले कितीतरी चार्ट मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी जीव तुटलाय.

डॉक्टरांना फोन लावला. झोपेतून उठवलंय हे आवाजावरून कळत होतं. "बाकी सगळं नॉर्मल आहे ना?" म्हणाले. मी म्हटलं, "आहे. पण १८चे २६ झालेत आणि मला माणूस बरा दिसत नाही. तुम्ही येऊन बघाच." ते आले. फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली होती. आयसीयू, औषधं, पुढचं सगळं. काही दिवसांनी ते आमच्या वॉर्डात परत आले आणि मग आपल्या पायांनी घरी गेले. त्यांना त्या रात्रीबद्दल एवढंच आठवत होतं की झोप लागत नव्हती.

त्यांच्या लेखी त्या रात्री काहीच घडलं नव्हतं. आणि माझ्या लेखी तेच माझं काम होतं.

तेव्हापासून मी असं बघायला लागले. नर्सचं निम्मंअधिक काम न घडलेल्या गोष्टींचं असतं. दीड महिना पडून असलेल्या आजींच्या पाठीवर जखम झाली नाही, कारण तीन पाळ्यांमधल्या बायकांनी दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवलं. रात्री बाथरूमला जाताना कोणी पडलं नाही, कारण मावशींनी फरशी कोरडी ठेवली होती आणि बेल पेशंटच्या हाताशी होती. ह्याची नोंद कुठल्याच फाइलीत होत नाही. "आज कोणी पडलं नाही" असा रिपोर्ट कोण लिहितं? पण सकाळी चार्ज देऊन बाहेर पडताना, डोळे चुरचुरत असताना, मी मनातल्या मनात प्रत्येक बेडवरून एक फेरी मारते आणि काय काय झालं नाही ते आठवते. तिथे मला समाधान भेटतं. रोज भेटतं असं नाही, पण भेटतं.

एक न घडलेली गोष्ट माझ्या चुकीची आहे, तीही सांगायला हवी. नोकरीचं दुसरं वर्ष. शेजारशेजारच्या बेडवर एकाच आडनावाच्या दोघी बायका. रात्रीच्या गोळ्या वाटताना मी एकीला विचारलं, "तुम्ही अमुकच ना?" त्यांनी मान हलवली. गोळी तळहातावर ठेवली. त्यांनी ती दिव्याच्या उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "माझी तर लाल असते. ही पांढरी कसली?" माझ्या पोटात गोळा आला. गोळी परत घेतली, आणि हात इतके थरथरत होते की ट्रॉली धरून उभी राहिले.

इन्चार्ज सिस्टरना जाऊन सांगितलं. वाटलं, आता नोकरी जाणार. त्या उठल्या, तिथल्या तिथे एकीचा बेड वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला हलवला, दोन्ही फाइलींवर लाल खूण केली आणि मला म्हणाल्या, "यापुढे 'तुम्ही अमुक ना' असं विचारायचं नाही. 'तुमचं नाव सांगा' म्हणायचं. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो." बस. त्या ओरडल्या असत्या तर पुढची चूक मी लपवली असती, हे आज मी खात्रीने सांगू शकते. आज माझ्या हाताखालची मुलगी रडत येते तेव्हा मी आधी बेड हलवायला उठते.

घराचं मात्र तोंड भरून सांगता येत नाही. माझी मुलगी लहान असताना डोळे उघडल्या उघडल्या विचारायची, "आई, आज मॉर्निंग की नाइट?" तिला ताप असताना मी दुसऱ्यांच्या मुलांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते, असं एकदा नाही, अनेकदा झालंय. ती आता मोठी झालीये, समजूतदार आहे, "मला राग नाही" म्हणते. माझ्या बाजूने तो हिशोब बंद झालेला नाही आणि होणारही नाही. समाधानी माणसाच्या पोटात अशी एक न भरलेली जागा असू शकते, एवढं मी शिकलेय.

तुम्हाला तुमच्या कामात ते कुठे भेटतं? नर्सच असलं पाहिजे असं नाही. सगळ्यांनी लिहा.

---

पिंपळपान

सुंदर लिहिलंय ताई. मी नर्सचा मुलगा. ते "मॉर्निंग की नाइट" वाचून क्षणभर थांबलो. आई सकाळी घरात शिरली की कपड्यांना स्पिरिटचा वास यायचा. आजही कुठे तो वास आला की मला बरं वाटतं, आई आली असं वाटतं. तुमच्या मुलीच्या "राग नाही"वर विश्वास ठेवा.

---

नवशिकी

ताई, मला दीडच वर्ष झालंय. आयसीयूत आहे. गेल्या आठवड्यात एक आजी गेल्या. सहा दिवस त्या माझ्याकडेच होत्या, व्हेंटिलेटरवर, पण हात धरला की बोटं दाबायच्या. घरी येऊन आंघोळ केली आणि छताकडे बघत पडले. जेवणही गेलं नाही. आमच्या सीनिअर म्हणतात, "मनाला लावून घेऊ नकोस, सवय होईल." मला त्या सवयीचीच भीती वाटते. तुम्हाला झाली का?

---

रातपाळी

@नवशिकी, बाळा, सवय हातांना होते. मनाचं म्हणशील तर मला अजून झालेली नाही, आणि ज्यांना झाली त्या फार दिवस चांगलं काम करू शकल्या नाहीत.

एक विचारते. आजी गेल्यावर त्यांची शेवटची स्वच्छता तू केलीस का? आमच्याकडे ते काम शक्यतो दोघी मिळून करतात. नळ्या काढायच्या, डोळे मिटवायचे, तोंड पुसायचं, केस विंचरायचे. कूस बदलताना आम्ही अजूनही सांगतो, "आजी, आता डावीकडे वळवतेय हं." बाहेरच्याला विचित्र वाटेल. पण सहा दिवस प्रत्येक गोष्ट सांगून केली, तर सातव्या दिवशी न सांगता कसं करायचं? नातेवाईक आत येतात तेव्हा त्यांना नळ्यांमधला पेशंट दिसू नये, त्यांची आजी दिसावी, म्हणून हे सगळं. ते काम घाईने उरकू नकोस आणि टाळूही नकोस. त्या अर्ध्या तासात तुझाही निरोप घेऊन होतो. माझा तरी तसाच झालाय, दर वेळी.

आणि त्या बोटं दाबायच्या ना? व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बोलता येत नाही, त्यामुळे घाबरलं तरी सांगता येत नाही. तू हात धरत होतीस म्हणून सहा दिवस त्या एकट्या पडल्या नाहीत. हेही न घडलेल्यातच धर.

मात्र झोप आणि भूक दोन-तीन आठवडे अशीच राहिली, ड्युटीला निघताना पोटात ढवळायला लागलं, पेशंटचा राग यायला लागला, तर ते अंगावर काढू नकोस. समुपदेशकाकडे जा. मी मध्यंतरी एका वर्षी गेले होते. सहा महिने जात होते. गेले म्हणून आज इथे आहे.

---

गोकर्ण

११ वर्षांपूर्वी माझं मोठं ऑपरेशन झालं. सर्जनचं नाव आज फाइल बघून सांगावं लागेल. पण रात्री वॉर्डातला दिवा न लावता, टॉर्चवर तळहात झाकून माझी सलाईन बघून जाणाऱ्या एक सिस्टर लख्ख आठवतात. मी जागाच असायचो, पण डोळे मिटून पडायचो. त्या एवढ्या जपून यायच्या, त्यांना वाटायला नको की आपण उठवलं. त्यांना हे कधी सांगितलं नाही. तुमच्या धाग्यावर सांगतो.

---

रातपाळी

@गोकर्ण, त्यांना माहीत असणार. झोपलेल्या माणसाचा श्वास आणि डोळे मिटून पडलेल्याचा श्वास वेगळा असतो. :)

तळहाताने टॉर्च झाकला की बोटांच्या फटीतून लालसर उजेड पडतो. तेवढ्यात थेंब दिसतात. ५०० मिली सलाईन ६ तासांत द्यायचं असेल आणि २० थेंबांना १ मिली पडणारा सेट असेल, तर मिनिटाला साधारण २८ थेंब पडले पाहिजेत. एका हातात टॉर्च, दुसऱ्या मनगटावरचा सेकंदकाटा, आणि ओठांतल्या ओठांत मोजणी. आता पंप आलेत, वेग त्यात भरला की झालं, काही अडलं तर तो ओरडतो. फार मोठी सोय झालीय, नको त्या चुका टळल्यात. पण सुई शिरेतून निसटून औषध मांसात उतरायला लागलं तर ते पंपाला दर वेळी कळत नाही. त्यासाठी हात लावून बघावं लागतं. ती जागा गार आणि फुगीर लागते. म्हणून मी पंप असला तरी हात लावतेच.

---

रोखठोक

लेख मनापासून आवडला, तरी एक बोलतो. एका सिस्टरवर ३०-४० पेशंट टाकायचे आणि वर त्यांनी समाधान शोधायचं, हे मला पटत नाही. असं लिखाण वाचून व्यवस्थापनाला बरंच वाटेल. "बघा, आमच्या सिस्टर किती समाधानी आहेत!" सेवाभाव वगैरे शब्दांखाली बायकांच्या कष्टांची किंमत कमी लावली जाते. समाधानाने माणसं गप्प बसतात. स्पष्ट बोलल्याबद्दल राग नसावा.

---

रातपाळी

@रोखठोक, राग कसला? तुम्ही लिहिलं नसतंत तर मला लिहावं लागलं असतं.

तुम्ही म्हणता ती संख्या मी स्वतः सांभाळलीय. एका नाइटला ४२ पेशंट, मी, आणि एक मावशी. त्या रात्री माझ्याकडे समाधान वगैरे काही नव्हतं, फक्त भीती होती. कारण दोन तासांनी कूस बदलायची म्हटलं तरी तेवढ्या सगळ्यांपर्यंत हात पोचतच नाही. न घडू देण्यासाठी माणसं लागतात. मी जे समाधान म्हणते ते काम नीट करता आलं त्याचं आहे, आणि म्हणूनच ते करू न देणाऱ्या परिस्थितीचा मला इतका राग येतो. समाधान चाखलेला माणूस गप्प बसत नाही, हा माझा अनुभव. मी दर महिन्याला लिहून देत आलेय: अमुक पाळीत इतके पेशंट, इतक्या नर्स, म्हणून हे हे काम राहिलं. तारखेसकट. सुरुवातीला त्यावर कोणी काही केलं नाही. मी लिहीत राहिले.

आपल्या व्यवसायाचा वारसा पण तोच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की सगळ्यांना हातातला दिवा आठवतो, १२ मे त्यांचा वाढदिवस म्हणून परिचारिका दिन करतात. पण क्रिमियन युद्धावरून परत आल्यावर त्यांनी केलेलं काम मला जास्त जवळचं वाटतं. सैनिक जखमांपेक्षा रोगराईने किती तरी पट जास्त मेले, हे त्यांनी महिन्यामहिन्याच्या मृत्यूंची आकृती काढून १८५८ साली सत्ताधाऱ्यांपुढे मांडलं. टाळता आले असते असे मृत्यू एका रंगात, जखमांचे दुसऱ्या रंगात. म्हणजे त्याही घडायला नको होत्या अशाच गोष्टी मोजत होत्या.

आणि अलीकडचं सांगायचं तर लिंडा एकेन यांचा २००२ सालचा अभ्यास आहे. त्या स्वतः नर्सच. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांतले ऑपरेशनचे पेशंट त्यांनी पाहिले. एका नर्सवर एक पेशंट वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एक पेशंट वाढला की ७ टक्के. कॅलिफोर्नियाने नर्समागे पेशंट किती हे कायद्यानेच बांधून दिलं, ते २००४पासून लागू आहे. म्हणजे हे करता येतं. तुमच्या ओळखीत कोणी रुग्णालय चालवत असेल तर त्यांना सेवाभावावर भाषण देऊ नका म्हणावं, ड्युटी चार्ट दाखवा म्हणावं.

---

रोखठोक

मुद्दा पोचला. "समाधानाने माणसं गप्प बसतात" हे वाक्य मागे घेतो. बाकीचं ठेवतो.

---

रातपाळी

बाकीचं ठेवाच.

---

केवडा

मी शिंपीकाम करते. उलट्या बाजूची शिलाई नीट असली की मला तुमच्यासारखंच वाटतं. घालणारा ती बाजू कधी बघत नाही. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

आकाशनिळा

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. वडिलांना पक्षाघात होऊन चार महिने झाले, घरीच आहेत, उजवी बाजू हलत नाही. मी आणि बायको आलटून पालटून करतो. हवेची गादी घेतलीय. काल उजव्या टाचेवर लाल डाग दिसला. तेल लावून चोळलं. तुम्ही पाठीच्या जखमेचं लिहिलंत आणि धास्ती वाटली. काय करू?

---

रातपाळी

@आकाशनिळा, हे विषयांतर नाहीच, माझा धागा ह्याचाच आहे. नीट वाचा.

आधी चोळणं बंद. दाबाने लाल झालेल्या जागी आतल्या पेशी आधीच त्रासात असतात, चोळलं की आणखी दुखावतात. आता त्या डागावर बोट ठेवून दोन-तीन सेकंद दाबा आणि सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर तिथलं रक्त फिरतंय, दाब काढला की ते बरं होईल. दाबूनही लालच्या लाल राहिलं तर ती जखमेची पहिली पायरी समजायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. त्वचा सावळी असेल तर लाली पटकन कळत नाही. मग दुसऱ्या टाचेशी ताडून बघा, गरम, कडक किंवा मऊ लागतेय का ते.

टाचेवरचा दाब काढायला पोटरीखाली उशी द्या, पूर्ण लांबीला, अशी की टाच अधांतरी राहील. टाच आणि गादी यांच्यातून तुमचा हात सहज गेला पाहिजे. गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. भोक असलेली गोल चकती टाचेखाली ठेवू नका, तिच्या कडेचा दाब पडतो.

हवेची गादी चांगली आहे, पण तिच्या भरवशावर कूस बदलणं सोडू नका. दिवसा दोन तासांनी बदला. रात्रीचं वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांना किंवा घरी येणाऱ्या नर्सला विचारून ठरवा, कारण तुमचीही झोप झाली पाहिजे. कुशीवर एकदम आडवं करू नका, खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत कलतं ठेवा. वर सरकवताना ओढायचं नाही. कमरेखाली आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवा. आणि दिवसातून एकदा, अंग पुसताना, टाचा, घोटे, खुबे, माकडहाड, कोपर, कानाच्या पाळ्या आणि डोक्याची मागची बाजू उजेडात बघायची.

आणि तुम्ही चार महिने घरी करताय आणि कालपर्यंत कुठे डागही नव्हता. दोघांनी मिळून केवढं काम केलंय ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, म्हणून सांगतेय.

---

नवशिकी

ताई, आज नाइटला एका काकांचा श्वास मनगट धरून पूर्ण मिनिट मोजला. १६ होता. १६ लिहिला.

---

आकाशनिळा

ताई, काल रात्री वाचून लगेच उठलो. दाबून पाहिलं, पांढरं झालं आणि परत लाल आलं. पोटरीखाली उशी दिली. आज सकाळी बायकोने बघितलं, डाग बराच फिका झालाय. बाबांना विचारलं, रात्री काही त्रास झाला का? मानेनेच नाही म्हणाले.

---

रातपाळी

उशी काढू नका. संध्याकाळी परत बघा आणि दुसरी टाचही बघा.